कोरड्या नदीपलीकडची भेट

खामगावच्या ज्युनिअर कॉलेजात माझ्या शेजारच्या खुर्चीवर भूगोलाचे सर बसायचे. त्यांना एक खोड होती. कोणालाही काहीही विचारायचं तर ते तीनदा विचारायचे. मी नवीन होते, मला वाटलं ह्यांना कमी ऐकू येतं. म्हणून मी मोठ्यानं बोलायला लागले, तर म्हणाले, "मॅडम, वरडता काऊन? मले पहिल्या बारीलेच ऐकू आलं होतं."

"मग परत परत कशाला विचारता?"

"तिसऱ्या बारीले माणूस खरं बोलते."

हे ज्ञान त्यांना कॉम्प्युटरवरच्या एका जुनाट गेममधून मिळालं होतं. त्या गेममधे सहा जणांची टोळी घेऊन रानोमाळ हिंडायचं असतं. एक ढालवाला, एक तिरंदाज, एक जखमा बऱ्या करणारा, असे सहा जण. वाटेत गावं लागतात, गावात माणसं भेटतात. त्यातली काही माणसं म्हणे पहिल्या दोन वेळा नुसतं 'या, बसा' करतात, आणि तिसऱ्यांदा बोलायला गेलं की तळघराची किल्ली कुठं आहे ते सांगून टाकतात. आता गेममधलं गेममधे ठेवावं की नाही माणसानं? पण नाही. सर तेच घेऊन बाजारात जायचे.

एकदा आमच्या शिपायाच्या मुलीच्या लग्नाला आम्ही धाड गावी गेलो होतो. जेवणं झाली, एसटीला वेळ होता आणि आठवडी बाजार भरलेला. वांग्यांच्या ढिगापुढे सर उकिडवे बसले आणि विकणाऱ्या म्हातारीला म्हणाले, "माय, वांगे ताजे हायेत काय?"

"हाव ना, सकायीच तोडले."

"माय, ताजे हायेत वांगे?"

"हातात घेऊन पाह्य ना बापा."

मी मागून म्हटलं, "अहो सर, चला आता." पण हलतील तर शपथ!

"माय, वांगे ताजे हायेत का?"

म्हातारीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "कालचे हायेत रे बाप्पा. आजचे त्या पोत्याखाली झाकून ठेवले. माही लेक येऊन राह्यली, तिच्यासाठी." आणि तिच्या मनात काय आलं कोणास ठाऊक, त्या झाकलेल्यांतलीच मूठभर वांगी तिनं सरांच्या पिशवीत टाकली. येताना एसटीत सर माझ्याकडे असे पाहत होते, जसे काही किल्लाच सर करून आले. मला राग आला तो म्हातारी खरं बोलली ह्याचाच.

परीक्षेत तर त्यांनी कहरच केला. मी त्यांच्या पेपरला सुपरव्हिजनला होते. एक पोरगी प्रश्नपत्रिका उलटी करून, तिरकी करून, खिडकीच्या उजेडात धरून बघत होती. मला वाटलं, पेन्सिलीनं उत्तरं लिहून आणली असतील. मी पेपर हिसकावला. ती रडायलाच लागली. "मॅडम, सर म्हणतात पान उलटून पाहत जा." मी पाहिलं तर मागच्या बाजूला, अगदी खालच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत एक प्रश्न छापलेला: 'तुमच्या गावाजवळ नकाशात नसलेला एखादा नाला आहे का? त्याचं नाव लिहा.' प्राचार्यांनी सरांना बोलावून घेतलं.

"हे काय आहे?"

"छुपी भेट आहे, सर."

"पेपरात कसली आली भेट?"

"जो पान उलटून पाह्यते, त्याले भेटते."

प्राचार्यांनी कपाळाला हात लावला आणि मेमो दिला. सरांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि मला हळूच म्हणाले, "अकरा पोरांले भेटली, मॅडम."

असा हा माणूस. निवडणुकीच्या ड्यूटीला आमची नावं एका केंद्रावर आली तेव्हाही त्यांनी यादी पाहून मान हलवली. "आपल्या टोळीत बरं करणारा कोणीच नाही. तुम्ही पुढं उभ्या राहा, मॅडम, तुमच्या तोंडापुढं कोणी टिकत नाही." मी काय बोलणार, खोटं नव्हतं ना.

घर त्यांचं कापसाच्या जिनिंगच्या मागच्या गल्लीत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा वहिनी दारातच म्हणाल्या, "लढाईवर हायेत. बसा ना ताई, चहा होईस्तोर येतील." आतल्या खोलीत कूलर धडधडत होता आणि सर जुन्या कॉम्प्युटरपुढे बनियनवर बसलेले. वहिनींना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. कोणाचा नवरा पत्ते खेळतो, कोणाचा पारावर बसतो. ह्यांचा निदान घरात तरी असतो, असं त्या म्हणायच्या.

त्या दिवशी मला कळलं की सर नुसता गेम खेळत नाहीत, तो कठीण करतात. असले जुने गेम लोक आतून उघडून बदलतात, त्या बदलाला मॉड म्हणतात. कोणी मॉडमधे चित्रं सुधारतो, कोणी नवी गावं वसवतो. आणि काही महाभाग गेम फक्त अवघड करतात: शत्रू हुशार होतात, औषध मिळेनासं होतं, मेलेला माणूस परत येत नाही. चांगला सोपा चाललेला खेळ अवघड करायचा आणि मग त्यात हाल सोसायचे, हा शौक जगभर आहे म्हणे. मी म्हटलं, "आपल्याकडे हे काम नशीब फुकटात करतं." सरांनी ते अगदी गंभीरपणे ऐकून घेतलं.

सरांच्या मॉडचं नाव 'उन्हाळा'. त्यात दुपार झाली की लोखंडी चिलखत तापतं आणि घालणाऱ्याचा दम जातो. औषधाच्या बाटल्या कोमट होतात आणि अर्धाच गुण देतात. पाठीवर ओझं असेल तर माणूस आणखी लवकर कोसळतो. राक्षसांशी एक वेळ लढता येईल, पण भर दुपारी सावली सोडायची नाही. परदेशातले लोक तो मॉड खेळायचे आणि इंटरनेटवर सरांना शिव्या घालायचे. पोलंडचा एक दाढीवाला होता, त्यानं लिहिलं होतं की ह्या राज्यातल्या राक्षसांपेक्षा इथला सूर्यच जास्त दुष्ट आहे. सर खूश. "त्याले मे महिन्यात खामगावले बोलावतो," म्हणायचे, "मंग समजंल, म्या किती कमी करून घातलं ते."

"अन् ह्या उन्हाळ्यात एक छुपी भेट आहे, मॅडम. एक माणूस आहे, तो एकाच अटीवर भेटते. आजवर कोणालेच नाही भेटला."

"अट काय?"

"ते सांगितलं तर भेट कायची?"

झालं! मला झाकलेलं पातेलं दिसलं की झाकण उचलल्याशिवाय चैन पडत नाही. आमची आई म्हणायची, ही पोरगी चौकशीपायी एक दिवस पोळून घेईल. मी विचारलं, "बदललेल्या फाइली उघडून कोणी वाचलं नाही का, तो माणूस काय बोलतो ते?"

"वाचलं ना. पण जुन्या गेममधे मराठी अक्षरं बसत नाहीत, म्हणून म्या इंग्रजी अक्षरात वऱ्हाडी लिहिली. पोलंडवाला म्हणते हा कोणता तरी मंत्र आहे. दोन वर्षांपासून अर्थ लावून राह्यले बिचारे."

मग मे महिन्याच्या सुट्टीत मी दुपारची त्यांच्याकडे जायला लागले आणि तो गेम शिकले. आयुष्यात कधी व्हिडिओ गेमला हात लावला नव्हता. सर शेजारी बसत पण एक अक्षर सांगत नसत. माझ्या टोळीतल्या सहा जणांना मी स्टाफची नावं दिली. तिरंदाज मी. जखमा बऱ्या करायला ग्रंथपाल बाई. आणि ढाल देऊन सगळ्यात पुढे उभे केले प्राचार्य. मला फार दिवसांची हौस होती ती!

पहिल्याच मोठ्या लढाईत प्राचार्य पडले. सरांच्या मॉडमधे मेलेला परत येत नाही. अशा वेळी बाकीचे खेळाडू काय करतात ते मी इंटरनेटवर वाचलं होतं. मेलेल्याचं चांगलं सामान काढून घ्यायचं, गावात विकायचं आणि औषधं घ्यायची. पण हसू येतं सांगायला, मला ते बरं वाटेना. मी त्यांची ढाल, तलवार, चिलखत, सगळं उचलून माझ्या तिरंदाजाच्या पाठीवर लादलं.

"सामान काऊन उचललं?" सर एकदम म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

"मग काय वाऱ्यावर सोडू? माणूस गेला म्हणून त्याचं किडूकमिडूक विकून खायचं का?"

"मंग कुठं नेता?"

"नकाशात कोरड्या नदीपलीकडे एक विहीर दिसते. तिथं पाण्याजवळ ठेवीन नीट."

सर उठले आणि कूलरमधे पाणी टाकतो म्हणून बाहेर गेले. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आताच तर भरला ना म्या." पण ते बराच वेळ आले नाहीत. मला एवढं कळलं की माझा हात कशाला तरी लागला आहे. कशाला, ते कळेना.

पुढचे कितीतरी दिवस मी त्या नदीत मेले. पात्र रुंद, रखरखीत वाळू, सावलीचं नाव नाही. पहाटे निघा, संध्याकाळी निघा, त्या सामानाच्या ओझ्यानं चाल इतकी मंद व्हायची की मधेच ऊन गाठायचं आणि एकेक जण कोसळायचा. सगळी टोळी पडली की पुन्हा मागच्या मुक्कामावरून सुरुवात. ओझं टाकलं की आरामात पार होता येत होतं. पण मग जायचं कशाला? शेवटी माझं डोकं फिरलं.

"सर, खरं सांगा. एवढं ओझं घेऊन तुम्ही स्वतः ही नदी कधी ओलांडली आहे?"

"हाव. कितीकदा त्या विहिरीपाशी गेलो मी."

"मग दाखवा बरं!"

त्यांनी कीबोर्ड ओढला, काहीतरी टाइप केलं, आणि अख्खी टोळी डोळ्यांची पापणी लवायच्या आत विहिरीपाशी उभी. नदी नाही, वाळू नाही, ऊन नाही. मॉड बनवणारे असंच करतात म्हणे. भेट नीट होते की नाही ते पाहायचं तर थेट त्या जागी उडी मारतात. रोज रस्ता कोण तुडवत बसतो? त्यांनी मेलेल्या गड्याचं सामान विहिरीच्या काठावर ठेवलं. विहिरीमागून एक माणूस आला, डोक्यावर टोपी, खाली मान. पडद्यावर अक्षरं उमटली. इंग्रजी अक्षरांतली वऱ्हाडी मी जुळवून जुळवून वाचली.

'बारक्या, व्हायरस नव्हता आला. म्याच पुसलं.'

मी सरांकडे पाहिलं. ते पडद्याकडे बघत बोलायला लागले. बारक्या म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, पुण्याला असतो. वडील लवकर गेले, ह्याला सरांनीच वाढवलं. हा गेम मुळात त्याचा. शाळेतून आला की टोळी घेऊन बसायचा, आणि सर मागे उभे राहून ओरडायचे. टोळीतला कोणी मेला की बारक्या त्याचं सामान विकत नसे. सगळं वाहून नेऊन कुठल्यातरी विहिरीच्या काठावर ठेवायचा आणि मगच पुढे जायचा. बारावीची परीक्षा तोंडावर आली, तो खेळ सोडेना, तेव्हा एक दिवस सरांनी त्याचा दोन वर्षांचा सगळा साठवलेला खेळ पुसून टाकला. आणि त्याला सांगितलं, व्हायरस आला.

"तो काही बोलला नाही, मॅडम. कॉम्प्युटर बंद केला, पुस्तक घेऊन बसला. पास झाला, पुण्याले गेला, नोकरीले लागला. पण तेव्हापासून आमच्यात 'काय म्हणतं', 'बरं आहे', एवढंच. तो गेल्यावर म्या गेम लावून पाह्यला. म्हटलं, म्या पुसलं काय ते तरी पाहू." त्यांनी माउस बाजूला सरकवला. "मंग कळलं काय पुसलं ते. कोणाचं दोन वर्षं कसलेलं वावर पेटवून दिल्यावानी केलं म्या. त्याची बायको सांगते, तो आजही हाच गेम खेळते. म्हणून म्या ही भेट ठेवली. जो सामान वाहून नेईल त्यालेच भेटंल अशी. फाइल उघडून तो पाहणार नाही. त्यानं जिंदगीत कधी कॉपी नाही केली."

मला वाईट वाटायला हवं होतं. पण आला तो राग. "अहो, पण तुमच्या ह्या नदीतून ओझं घेऊन कोणी जाऊच शकत नाही! मी किती दिवस मरते आहे, दिसत नाही तुम्हाला?"

"तुम्ही नवीन आहात, मॅडम."

"मग तुम्ही जा. चालत."

ते बसले. पहिल्यांदा पडले तेव्हा हसले. दुसऱ्यांदा हसले नाहीत. वहिनी चहा घेऊन आल्या आणि कपबशी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. सर चिलखत काढून चालून पाहत होते, ओझं सहा जणांत वाटून पाहत होते, आणि नदीच्या मध्यावर एकेक जण वाळूत आडवा होत होता. ऊन त्यांनीच घातलं होतं, ओझ्याचा नियमही त्यांचाच. दोन्ही एकत्र घेऊन तो रस्ता त्यांनी कधी चालूनच पाहिला नव्हता. शेवटी त्यांनी हात मांडीवर ठेवले. एवढा खचलेला माणूस मी आमच्या स्टाफरूममधे कधी पाहिला नव्हता.

"म्हणजे तो खेळला असंल तरी पोचला नसंल," ते म्हणाले. "जो सामान टाकंल तोच पार होईल. अन् तो तर टाकणार नाही." मग एकदम सावरून बसले. "दुरुस्त करतो. आठ दिवसांत नवीन मॉड टाकतो."

"फोन करा, सर."

"फोनवर नाही होत."

"माफी मागायची आणि वाटेत राक्षस उभे करायचे, ही कुठली रीत हो?"

"मले भेव वाटते, मॅडम." ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "त्यानं 'बरं' म्हणून ठेवून देल्ला तर? इथं निदान तो येईल अशी आशा तरी आहे."

माझ्या तोंडापुढं कोणी टिकत नाही म्हणतात, पण मी गप्प बसले. वहिनींनी मात्र चहा खाली ठेवला, पदराला हात पुसले, कोनाड्यातला मोबाइल घेतला, नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि सरांच्या हातात दिला. "घ्या. वाजून राह्यला."

"हॅलो? वहिनी?"

"मी आहे," सर म्हणाले.

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला. मग, "बोल दादा. घरी सारं बरं आहे ना?"

"बरं आहे." सरांनी डोळे मिटून घेतले. "बारक्या, तो व्हायरस नव्हता. तुह्या बारावीच्या वक्ताले. म्याच पुसलं होतं."

कूलर चालूच होता. वहिनींनी जाऊन तो बंद केला.

"माहीत आहे मले," पलीकडून आवाज आला. "व्हायरस काय माह्याच फोल्डरले शोधत आला होता? तुह्या मार्कलिस्टा तर साऱ्या जागच्या जागी होत्या."

"मंग बोलला काऊन नाही?"

"तू सांगशील म्हणून थांबलो. मंग थांबायची सवयच पडून गेली, दादा."

सरांनी चष्मा काढला. ते रडत होते, आणि लपवत नव्हते. वहिनींनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. मला तिथून उठावं असं वाटत होतं आणि उठवतही नव्हतं.

"दादा, उन्हाळ्यात त्या नदीपलीकडं हेच ठेवलं होतं का?"

सर दचकले. "तुले कसं माहीत?"

"खामगावचं ऊन गेममधे घालणारा येडा दुसरा कोण आहे? नाव वाचलं तेव्हाच समजलो. कधीचा खेळून राह्यलो. दर बारीले त्या नदीत मरतो."

"टाकून द्यायचं ना बे ते सामान!"

"असं कसं टाकू?" तो म्हणाला. "पण तू सांगून काऊन टाकलं आता? मी पोचलोच असतो."

"नसता पोचला. रस्ताच चुकला माह्या हातून."

"मंग नीट कर तो. मी येतो."

सरांनी फोन ठेवला. चहा गार झाला होता, वहिनी तो परत गरम करायला घेऊन गेल्या. सरांनी तोंड पुसलं, चष्मा चढवला, खुर्ची पुढे ओढली आणि नदीचं ते रखरखीत पात्र पडद्यावर उघडलं. बराच वेळ ते वाळूवर इकडून तिकडे बाण फिरवत होते.

"मॅडम, मधात एक झाड लावतो. बाभूळ लावू? चित्र आहे तयार."

"बाभळीखाली कोण टेकतं?" मी म्हटलं. "कडुलिंब लावा. आणि चांगला मोठा लावा."